लाल परातीतला माझा जिन्नस

शेला, ९ ऑक्टोबर १९७१

ती. चेंचामावशीस,

आदेलिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कॉफीची पिशवी दोन्ही पोचलं. पिशवी उघडली आणि घरभर आंतिग्वाचा वास सुटला. इथे थंडी अशी पडली आहे की सकाळी भांडी घासायला कोणी पुढे येत नाही. शेवटी अर्थातच मीच जाते.

सासूबाईचं काय लिहू? ऑगस्टमध्ये उजवी बाजू गेली, ती तशीच आहे. वाचाही आलेली नाही. डॉक्टर म्हणतात येईल, नाहीतर नाही येणार. एवढं तर मीसुद्धा सांगितलं असतं गं. ज्या बाईच्या आवाजावर अख्खं घर पळायचं, ती आता खुर्चीत बसून नुसती बघते. पातळ सूप घेते, तेही फिदेलियावन्संच्या हातून. माझा चमचा पुढे आला की मान फिरवते. मला तिच्या आवाजाची भीती वाटायची हे तुला ठाऊक आहे. आता तो ऐकू यावा म्हणून मी जीव टाकते, काय म्हणावं या मनाला!

खरं संकट पुढेच आहे. सर्व संतांच्या दिवसाची फियांब्रेची परात, भाज्या-मांसाचं ते थंडगार कालवण, या वर्षी माझ्या गळ्यात पडली आहे. वन्संनी सरळ हात वर केले. म्हणाल्या की त्यांना अंडं उकडायला सांगितलं तर पातेलं जळतं. रिगो म्हणतो की आईने आजवर कुणाला जवळच फिरकू दिलं नाही, त्यामुळे घरात कोणालाच काही येत नाही. म्हणजे पांढऱ्या फियांब्रेच्या घरातली मी लाल फियांब्रे करणार, आणि ते पितरांपुढे ठेवणार!

आणि मावशी, या घरची एक रीत आहे, ती तुला कधी सांगितली नव्हती. सांगायची लाज वाटत होती. इथे प्रत्येक माणसाचा एक आवडता जिन्नस परातीत जातो. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचं काळं सॉसेज जातंच. लहानपणी तापाने गेलेली रिगोची बहीण, लुसिता, तिला मुळा आवडायचा, म्हणून मुळा कोरून केलेली फुलं जातात. रिगोचे ऑलिव्ह, वन्संची उकडलेली गाईची जीभ. नवी सून आली की तिचाही जिन्नस जातो, पण कोणता ते सासू सांगत नाही. तो सुनेने आपल्या ताटलीत स्वतः शोधायचा आणि काठावर ठेवायचा. मग सगळं टेबल टाळ्या वाजवतं, आणि तिथून पुढे ती घरची.

माझ्यासाठी अजून टाळी वाजलेली नाही. तीन वर्षं मी कोंबडीसारखी ताटली उकरते. बिटाने सगळं लालभडक झालेलं, त्यात काय शोधणार? माझं म्हणून काहीच सापडत नाही. नुसता मागून एक कडवटपणा येतो जिभेवर. मला वाटतं, जिचा हात तिची चव. सासूबाई दर वर्षी माझ्या ताटलीकडे बघत बसते, आणि मी शेवटचा घास घेतला की तोंड फिरवते. आता तर वाचाच गेली. ती अशीच निघून गेली तर या घरात मला जागा होती की नव्हती, हे मला जन्मात कळायचं नाही. तू हसशील. पण मी हे लिहिताना रडते आहे, आणि तेही कांदा न चिरता.

तुझा रस्सा कसा करतेस ते सविस्तर लिही. तुझा लोभ आहेच, या वेळी त्यात थोडी कृतीही मिसळून पाठव.

तुझी,
आदेलिना


आंतिग्वा, १७ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. आदेलिनास,

चेंचामावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी डोळे पुसले, मग राग आला. लाल फियांब्रे! अगं, मटार मटारासारखा दिसावा, फ्लॉवर फ्लॉवरसारखा दिसावा, यात सगळी गंमत. बीट घातलं की सगळ्यांना एकाच रंगाचे झगे. कोण कुठे बसलंय पत्ता नाही. आपल्या घरात माझ्या आजीपासून परात पांढरी आहे आणि माझ्या हयातीत तरी पांढरीच राहील. तो कडवटपणाही त्या बिटाचाच असणार, दुसरं काय!

पण ज्या घरी दिली तिथलं करायलाच हवं, म्हणून लिहिते. नीट वाच. प्रत्येक भाजी वेगळी उकडायची. फरसबी वेगळी, गाजर वेगळं, फ्लॉवर वेगळा, कोवळी कणसं वेगळी. सगळं एका पातेल्यात टाकून मोकळी झालीस तर माझं नाव सांगू नकोस. दाताखाली कचकन लागलं पाहिजे, लगदा नको. मग व्हिनेगरमध्ये मुरू दे. कोंबडीच्या पाण्यात आलं, पार्सली, कांदा आणि वाटलेली मोहरी घालून रस्सा कर. तो चाखलास की नाकात झणका यायला हवा आणि लगेच दुसरा चमचा घ्यावासा वाटायला हवा. तोवर थांबू नकोस. मांस आणि चीज शेवटी. कालवताना हात घाल, डाव चालवू नकोस, डावाला काही कळत नाही. मग फडकं झाकून थंड जागी ठेव आणि सकाळपर्यंत उघडून बघू नकोस. मला माहीत आहे, तू बघशील.

एक सांगू? मी इतकी वर्षं करते आहे, पण सकाळी फडकं उचलताना मला अजून नवल वाटतं. आदल्या दिवशी बाजारातल्यासारखा नुसता पसारा असतो. मासळी एकीकडे, कोबी एकीकडे, सॉसेज भलतीकडेच. आणि सकाळी बघावं तर सगळ्यांची मिळून एकच चव. ती माझ्या हातची नसते. कोणाची असते, मला अजून कळलेलं नाही. मी आधी छातीवर क्रूस काढते आणि मगच चमचा घालते.

विहीणबाईंबद्दल काय सांगू? तुझ्या लग्नाच्या जेवणात त्या तुझ्याकडे कशा टक लावून बघत होत्या ते मी विसरलेले नाही. आणि बघणार नाहीत तर काय! नवरीच्या पांढऱ्या पोशाखात बसून तू अंड्यात घोळवून तळलेली पकाया एकामागून एक हाणत होतीस, वर बोटं चाटत होतीस. त्यांच्या घरी ते ताडाच्या मोहराचे कडूजहर तुरे कोणी तोंडाला लावत नाही म्हणे. मी टेबलाखालून तुला पाय मारला, तर तो नेमका पाद्रीबाबांना लागला. तिथूनच तू त्यांच्या मनातून उतरलीस, असं मला आजवर वाटत आलंय. पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस. जागा मिळाली नाही तर मिळाली नाही, पण परात मात्र अशी कर की त्यांच्या पितरांनी मागून घेतलं पाहिजे.

रागावले आहे, पण त्याने लोभात काटछाट झालेली नाही. तुझ्याकडूनही होऊ नये.

तुझी,
चेंचामावशी


शेला, ४ नोव्हेंबर १९७१

ती. चेंचामावशीस,

सा. न., आणि या वेळी खरोखर वाकून नमस्कार.

मावशी, कुठून सुरू करू? हात अजून लाल आहेत. घासले तरी जात नाहीत, आणि मला घालवायचेही नाहीत.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. एकेक भाजी वेगळी उकडली. वन्सं चिरायला बसल्या आणि बसल्या बसल्या हा कोणाचा, तो कोणाचा, ते सांगत होत्या. रस्सा चाखला तेव्हा नाकात असा झणका आला की रिगो अंगणातून विचारत आला, काय झालं. सासूबाईची खुर्ची आम्ही परातीजवळच ठेवली होती. एकेक जिन्नस पडत होता आणि तिची नजर त्याच्यामागे जात होती. काळं सॉसेज पडलं तेव्हा तिने डोळे मिटले. मुळ्याच्या फुलांना डाव्या हाताने हलकेच हात लावला.

सगळं घालून झालं. मी बाह्या सरसावून कालवायला हात घालणार, तोच तिने खुर्चीच्या हातावर धाडकन हात आपटला. आम्ही दचकलोच. पुन्हा आपटला. वन्सं म्हणाल्या की मीठ कमी असेल. मीठ घातलं. पुन्हा धाडकन! रिगो म्हणाला व्हिनेगर असेल. तेही घातलं. मला वाटलं, मी पांढऱ्या घरची, नक्कीच बिटाला हात आखडता घेतला असणार. म्हणून आणखी बीट चिरून टाकलं, आणखी टाकलं, शेवटी परात अशी झाली की जणू कोंबडं तिथेच कापलं. तिने डोळे वटारले. मावशी, ते जुने डोळे! ऑगस्टनंतर पहिल्यांदा मी तिला घाबरले, आणि घाबरून मला इतकं बरं वाटलं!

मग तिने बोट दाखवलं. कोनाड्याकडे. व्हिनेगरच्या बाटल्या काढल्या, तेलाचा डबा काढला. अगदी मागे, भिंतीला लागून, फडकं बांधलेली एक बरणी होती. वन्संनी फडकं सोडलं, आत बघितलं आणि नाक मुरडलं. म्हणाल्या की ही पकाया आहे, हे कडू आपल्या घरात कोणी आणून ठेवलं? आपल्यात तर कोणी खात नाही.

वन्सं हळूच माझ्याकडे वळल्या. रिगोही बघायला लागला. सासूबाई तर आधीपासूनच बघत होती.

तिने जुलैमध्येच मुरवून ठेवली होती गं! अंगावरून वारं जायच्या आधी. मी बरणीतला एक तुरा काढून तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर ठेवून एका हाताने सोलला, बारीक बारीक, दोऱ्यासारखा. असाच करायचा, असं मला दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती दर वर्षी असाच करायची. बाकीच्यांना कडू लागू नये, त्यांनी वेचून टाकू नये, म्हणून केसासारखा बारीक. आणि बिटात पडल्यावर ते दोरे लाल होऊन कांद्यात, कोबीत मिसळून जायचे. इतरांपासून लपवता लपवता माझ्यापासूनही लपलं. वन्सं कपाळावर हात मारून म्हणाल्या की तीन वर्षं मी आईला टोमणे मारते आहे, तुझा हात बिघडला, फियांब्रे कडू होतं. आणि तिने एका शब्दाने सांगितलं नाही. ऐकून घेतलं. माझ्यासाठी.

त्या लग्नाच्या जेवणात ती माझा जिन्नस हेरत होती, मावशी! आपण काय समजलो! आणि तिला वाटलं असणार की मला सापडतो, तरी मी काठावर ठेवत नाही, मला या घरचं व्हायचंच नाही. म्हणून तोंड फिरवायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. तिने डावा हात माझ्या केसांवर ठेवला. केसांत बीट लागलं ते अजून आहे.

सकाळी फडकं उचललं. तू लिहिलं होतंस तसाच मीही आधी छातीवर क्रूस काढला. एवढं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. वर चीज भुरभुरलेलं, अंड्याच्या चकत्या, मुळ्याची फुलं, आणि खाली तो लाल रंग, खिडकीतून ऊन आलं तसा पेटल्यासारखा. एक चमचा घेतला. सासरे, लुसिता, वन्सं, रिगो, सगळे होते त्यात, आणि सगळ्यांच्या मागून ती कडू चव. मी इतकी वर्षं मलाच खात होते आणि नावं ठेवत होते!

कबरस्तानात झेंडूची फुलं वाहून आलो आणि जेवायला बसलो. मी ताटली उकरली, एक लाल दोरा काढला आणि काठावर ठेवला. टाळ्या तर वाजल्याच, पण सासूबाईने डावा हात टेबलावर इतक्या जोरात आपटला की पेले उडाले. मग ती वाकली, काठावरचा तो दोरा तिने दोन बोटांनी उचलला आणि तोंडात टाकला. मावशी, तिने असं तोंड वेडंवाकडं केलं! तिला पकाया मुळीच आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. आणि मग माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं, भरव म्हणून. सगळी ताटली माझ्या हातून संपवली.

एक राहिलंच. हात धुताना मी वन्संना विचारलं की सगळ्यांचे जिन्नस कळले, मग बीट कोणाचं? त्या म्हणाल्या की आईचं. या घरची परात पूर्वी तुमच्यासारखी पांढरीच होती म्हणे. सासूबाई सून होऊन आली, तिला बीट आवडायचं, म्हणून तिच्या सासूने ते घातलं. एका सुनेच्या जिनसाने अख्खी परात लाल झाली, आणि त्या बाईने ती तशीच राहू दिली. पुढच्या वर्षी पुन्हा घातलं. म्हणायची की पोरगी घरात आली, आता रंग तिचाच. एवढं मोठं मन असतं का गं माणसाचं?

डबा भरून बसच्या ड्रायव्हरकडे दिला आहे. नाक मुरडू नकोस, चाखून बघ. लोभ वाढता ठेव, आणि डबा रिकामा परत करू नकोस.

तुझी, आणि आता इथलीही,
आदेलिना


आंतिग्वा, ९ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. आदेलिनास,

मावशीचे पोटभर आशीर्वाद.

डबा आला. ड्रायव्हरने तो आडवा ठेवला होता, त्यामुळे त्याची विजार लाल आणि तोंडही लाल. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. विहीणबाईंना मी काय काय म्हटलं होतं ते सगळं परत घेते. त्यांच्या पायावर डोकं ठेवायला नाताळात येते आहे, खोली झाडून ठेव. मी आले की पकाया करीन. त्यांना खायला लावणार नाही, त्यांनी पुष्कळ खाल्ली.

तुझं फियांब्रे चाखलं. आधी क्रूस काढला. त्याबद्दल एवढंच लिहिते की मी दुसरा चमचा घेतला, आणि मग तिसरा.

माझ्या परातीत थोडं उरलं होतं. पांढरं, नेहमीसारखं. तुझ्या डब्यातली बिटाची एक फोड उचलली आणि त्यात टाकली. एकच. म्हटलं, बघू काय होतं. सकाळी फडकं उचललं तर सगळी परात गुलाबी. शेजारची एउस्तोकिया वाटीभर मागायला आली, ती दारातच थबकली. म्हणाली की अगं चेंचा, तुझ्या घरात आणि हा रंग?

मी तिला सांगितलं की आमची मुलगी शेलाला दिली आहे.

तुम्हा दोघींवर सारखाच लोभ असणारी,
चेंचामावशी