धातूचे जोड धुतल्याबद्दल दोना ओंदिना यांना शिक्षा न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक, प्रो. एवारिस्तो फोंतानेला,
दंतविज्ञान विद्यालय, सांता क्लेमेंतिना.

विषय : सफाई कर्मचारी दोना ओंदिना यांची बदली व चौकशी रद्द करून दोष अर्जदाराच्या नावे लावण्याबाबत.

संदर्भ : आपला आदेश क्र. ११८, दि. ३ जून २०२४.

महोदय,

मी, जुसारा तावारेस, पेशी प्रयोगशाळेतील संशोधन सहायक, आधी एक कबुली देते. एप्रिलमध्ये दोना ओंदिना यांनी मला बजावले होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "पोरी, हे तेलकट सामान सिंकपाशी ठेवून जाऊ नकोस. घाण दिसली की माझे हात माझंच ऐकत नाहीत. मग म्हणशील, सांगितलं नाही." मी हसले. "हे सामान नाही, विज्ञान आहे," असे म्हणून मुलीला पाळणाघरातून आणायला पळाले. ट्रे सिंकपाशीच राहिला.

१. त्या ट्रेत इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या कृत्रिम मुळावर, बसवायचे बारा धातूचे जोड होते, कारखान्यातून आले तसेच : तेल, धातूची भुकटी, पॉलिशचा लेप अंगावर. हा जोड हिरडीतून बाहेर येतो. तो मळका असला तर हिरडीच्या पेशी त्याला धरत नाहीत आणि फटीतून जंतू शिरतात. बाकीचे तीन गट आम्ही वाफेने, अल्ट्रासॉनिक टाकीत आणि प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, स्वच्छ केले होते. हा चौथा गट तुलनेसाठी मुद्दाम न धुतलेला ठेवायचा होता.

२. सकाळी ट्रे कोरडा होता, खाली इस्त्री केलेले फडके होते आणि जोड चमकत होते. मला ते दिसले. पण आदल्या रात्री माझ्या मुलीला, इयाराला, पहिला दात येताना ताप होता. इतरांच्या हिरड्यांवर संशोधन करणाऱ्या मला त्या दिवशी एकच हिरडी दिसत होती.

३. "न धुतलेल्या" जोडांवर पेशी अशा ऐसपैस पसरल्या की प्लाझ्मा मागे पडला. यावरून साफसफाई अनावश्यक आहे, असा निष्कर्ष आपण मे महिन्यातील परिषदेत मांडलात. टाळ्या पडल्या, हे मी पाहिले आहे. मी घरी इयाराचे चघळायचे खेळणे तरीही तीनदा उकळत होते. नवरा म्हणालाही, "एक दिवस पोरीलाच उकळशील."

४. पुढल्या आठवड्यात कॉफी पिताना मी हा चमत्कार दोना ओंदिनांना सांगितला. त्या संतापल्या. "न धुतलेले? अगं, नारळाच्या साबणाने दोनदा घासले, टूथब्रशने! तीन पाण्यांतून काढले. बाळाची दुपटी धुवावी तसे! कुणाच्या तरी तोंडात जाणार ना ते?" तो ब्रशही त्यांनी दाखवला. तोच आता पुरावा क्र. १ म्हणून आपल्या कपाटात आहे.

५. "प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या सांगण्यावरून घातपात" हा आरोप मी आदराने, पण साफ नाकारते. दोना ओंदिनांच्या मते जगात दंतविद्यालय एकच आहे, आणि त्याची फरशी त्या सव्वीस वर्षे पुसत आहेत. निवृत्तीला अकरा महिने उरले आहेत. १४ जूनच्या चौकशीत त्यांना काढले, तर निवृत्तिवेतन जाईल.

६. ट्रे माझा, निष्काळजीपणा माझा. माझी वेतनवाढ रोखावी. प्रयोग मी पुन्हा करीन आणि नारळाच्या साबणाचा पाचवा गट ठेवीन. परिषदेला दुरुस्तीचे पत्र आपण लिहावे. मसुदा सोबत आहे. त्यात आपले नाव शक्य तितके खाली ठेवले आहे.

दोना ओंदिना यांना पूर्ववत कामावर घ्यावे, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारी,
जुसारा तावारेस
दि. ६ जून २०२४

सोबत : १) पेशींची छायाचित्रे २) पत्राचा मसुदा ३) अर्धी वापरलेली साबणाची वडी

ता. क. आदेशात "इतरत्र बदली" एवढेच होते. त्यांना मंगळवारपासून विद्यालयाच्या तळमजल्यावरील दातांच्या संग्रहालयात एकटीला बसवले आहे, हे मला आत्ता द्वारपालाकडून कळले. तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या तंबाखू खाणाऱ्यांचे नऊशे दात त्यांच्या मूळ किटणासह मांडलेले आहेत, हे आपण जाणताच. त्यांनी काल स्वतःच्या पैशाने नवा ब्रश आणला, असेही तो म्हणाला. मी इयाराला सोडून येऊ शकत नाही. कृपया हा अर्ज बाजूला ठेवून आधी खाली जावे आणि दोना ओंदिना काय करीत आहेत, ते बघावे.