शिक्का नसलेली प्रत

शहापूर, २ जाने. १९३९
धर्मा शाहिराच्या गाण्यांचं पुस्तक आपल्या छापखान्यात उतरवून झालं. त्याला न विचारता, हे इथे तरी लिहावं. किंमत त्याच्या निम्मी. फिरता विक्रेता नामू गठ्ठे गाडीत टाकून म्हसा गावच्या यात्रेला गेला. मेहुणा बाळू छपाईचे खिळे जुळवत होता तेव्हा मी डोक्यावर उभा. "एक अक्षर गाळू नकोस." छापखान्याचं नाव तेवढं गाळलं. इतकी अक्कल आहे मला.

४ जाने.
मेलो. उरलेली प्रत सहज चाळली. शेवटच्या पानावर बाळूने मूळ पुस्तकातली सूचनाही जुळवलीय: 'ज्या प्रतीवर शाहिराचा शिक्का नाही ती चोरीची समजावी.' शिक्का कुठून असणार? म्हणजे प्रत्येक प्रतीवर आम्हीच छापून दिलं, ही चोरीची. बाळूवर ओरडलो. "भावजी, तुमीच म्हनलात ना, गाळू नको."

९ जाने.
नामू आला. सगळं खपलं. "शेवटचं पान कोन वाचतं, शेट?" पण एकाने वाचलं म्हणे. उकिडवा बसून वाचलं, हसला, एक प्रत घेतली, कुठे छापलं विचारलं.
"मग काय सांगितलंस?"
"शापूर. खोटं कशाला बोलू?"
तो हसला, याचीच जास्त भीती वाटते.

११ जाने.
हवालदार दारात. वाटलं, आला पकडायला. त्याला त्याच्या मुलीची लग्नपत्रिका छापायची होती. बसा म्हणायचंही विसरलो. तो गेल्यावर ही म्हणाली, "शाहिराचे पाय धरा जाऊन. रोज मरताय त्यापेक्षा." धीर होत नाही. छापखाना जप्त झाला तर पोरांना काय घालू...

१४ जाने., संक्रांत
शाहीर स्वतः आला. मुरबाडहून, एकटा. हिने तिळगूळ दिला, तो खाल्ला आणि मग बोलला.
"म्हशात माझा गठ्ठा नेला तसा परत आनला. लोक म्हनले, तीच गानी तिकडं स्वस्तात. तिथल्या तुमच्या मानसालाच इचारलं, कुठं छापलं. आन किन्हवलीत खेळाला उभा राहिलो, तर अख्खा गाव माझ्याबरोबर गातोय. तुमच्या पुस्तकातनं शिकले. आता तुमचे पाय धरू का नरडं?"
"चुकलो," म्हटलं.
"ते नाय इचारलं. मी पुस्तक छापू का बंद करू, ते सांगा."
मी तिळगुळाची वाटी पुढे सरकवली. त्याचं पोट मारलं मी, आणि नावही मीच वाढवलं. दोन्ही खरं. तो उठून गेला.

१६ जाने.
शाहिराचा निरोप आला. आज इथेच त्याचा खेळ. चारचौघांत तोच सवाल घालणार आहे, मी पुढे येऊन बसायचं. हवालदारही तिथेच असणार. गेलो नाही तर लोक विचारतील का नाही आला. गेलो तर विचारायची गरजच नाही, ती कबुलीच. ही म्हणते, मी येते बरोबर. डफ वाजायला लागला. कोटाची बटणं हिने लावली. काय सांगू त्याला, अजून ठरलं नाही. निघतो.