झेंडूच्या वाफ्यातली जखम

२३ सप्टेंबर
बायकोच्या, पार्बताच्या पायात तार घुसली! उजव्या पायाच्या करंगळीच्या बुडाशी, चांगली खोल. कुंपणाचा गंजका तुकडा वाफ्यात पडला होता. फुलांच्या वाफ्यात आमच्याकडे कोणी चप्पल घालत नाही — फुलं देवाला जातात.

कडुनिंबाचा काढा उकळला, गाळला, कोमट करून जखम धुतली. धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची कंबरमोडी आणली — कोवळीच पानं. धुऊन, खलात कुटून रस पिळला. वरून घरची हळद. पट्टी उकळलेली. लोक पाला दातांनी चावून थुंकीसकट लावतात! माझ्याकडे तसलं चालत नाही. पुस्तकं वाचून, करून बघून शिकलोय. चांदूर बाजारहून लोक येतात माझ्याकडे.

२४ सप्टेंबर
"दुखतं का?"
"नाई जी. काईच नाई."
एका रात्रीत! शेजारच्या खुशालरावाला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाला, "भगवंता, डॉक्टरायले उपाशी मारतं काय बे!"

२९ सप्टेंबर
दसऱ्याची तोड. पार्बता परत वाफ्यात, अनवाणी. ओरडलो. "दुखून नाई राहिलं, तं बसू काहून?" पटलं मला.
पट्टी बदलली. सगळं हळदीनं पिवळंजर्द, खालचं काही दिसत नाही. कडा काळपट — हळद वाळली असेल.

३ ऑक्टोबर
मोनाली अचलपूरहून सोनं द्यायला आली. दारातच पदर नाकाला. "बाबा, वास कशाचा हा?"
मला येत नव्हता. झेंडू तोडून तोडून नाक मेलंय. "पाल्याचा," म्हणालो.
"पाल्याचा नाई हा! आईले आत्ताच न्या दवाखान्यात."
पोरीनं मला शिकवावं? "अगं, दुखत नाही तिला!" — हेच म्हणालो. दोनदा.

४ ऑक्टोबर, अमरावती
शेवटी मोनालीनंच आणलं. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाची. हळद धुतली आणि खाली — लिहवत नाही.
"काका, काकूंना शुगर कधीपासून आहे?"
शुगर? कधी तपासलीच नाही. कोणाचीच.
"पायाच्या नसा मेल्यात. म्हणून दुखलं नाही. पाल्यानं नाही."
पार्बता खाटेवरून मलाच विचारते, "जेवले काय तुमी?"

६ ऑक्टोबर
दोन बोटं काढली. पाय राहील की नाही, ते बघू म्हणतात. मी बाहेर बाकड्यावर. पट्टीलासुद्धा हात लावू देत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

९ ऑक्टोबर
पाय वाचेल म्हणतात, पण नक्की कोणी सांगत नाही. मोनाली जवळ बसलीय, म्हणून गावी आलो. उरलेला झेंडू सुकत होता, तोडला. चप्पल सवयीनं धुऱ्यावरच काढली होती.

घरी पाय धुतले तर पाणी लाल. टाचेत बाभळीचा काटा, पुरता आत मोडलेला. कधी मोडला?
अंगठ्यानं दाबला. आणखी जोरात दाबला.
दुखत नाही.