चाचांच्या पाण्यातलं मीठ

शुक्रवार, संध्याकाळ

रंग गेला! पाणी पांढरं झालं. पांढरं नाही, बाई, रसायनशास्त्र शिकवतेस, रंगहीन म्हण.

सोमवारी तपासणी आहे. गल्लीतला नाला लाल दिसला तर अकबरचाचांच्या सूत रंगवायच्या कारखान्याला कुलूप लागणार. तक्रारीवर पहिली सही माझीच. म्हणूनच की काय, पंधरा दिवस गॅलरीत ग्लासात ग्रॅफाइटच्या कांड्या सोडून, वीज जोडून रंग उडवत बसले होते. डिस्टिल्ड पाणी, त्यात मोजून टाकलेला रंग. लाल तो लालच. चार्जरला शिव्या घालून झाल्या.

आज चाचा कारखान्याचं सांडपाणी डब्यात घेऊन आले. माझा थाट बघून म्हणाले, "मॅडम, इसमें नमक किधर है? आमी तर रंग धरायला घमेलंभर टाकतो."

मीठ! त्याशिवाय पाण्यातून वीज धड जात नाही, हे मी दरवर्षी अकरावीला ओरडून सांगते. वर घाण नमुना आणणाऱ्या पोरांना हाकलते. शहाणी!

चाचांचं पाणी ओतलं. अर्ध्या तासात लाल, गुलाबी, मग काहीच नाही. मिठातून सुटलेल्या क्लोरीनचा वास मात्र दणकून, त्यानेच रंग खाल्ला. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, तेही बघावं लागेल. पण गेला की!

मी नाचतेय, आणि चाचांनी ग्लास शांतपणे कठड्याबाहेर धरला. त्यातून आरपार त्यांचा लाल नाला दिसला.

"लई झाक," ते म्हणाले. "आता ग्लासाचा हौद कधी?"

"सोमवारच्या आत," बोलून बसले खरी.

निदान मीठ तरी आणायला नको.