हात न टेकता

नाई माय, मी पडली नाई. बसली हाव. ढोराईच्या कोठ्यात, तुह्या जात्यापाशी, एक पाय लांब करून. पडली असती तं तसं सांगितलं असतं. पोरगा वावरात गेला, सून भाजी घेऊन आर्वीच्या बाजारात. बारा वाजताच्या येष्टीनं सून परत येते. त्याच्या आधी मले उठाचं हाय अन् मांड्या ऐकून नाई राह्यल्या. रद्दीत नातीची जुनी वही सापडली, पेन्सिलचा तुकडा बी, म्हनून तवरक लिहून राह्यली. हाक मारली तं शेजारीन येईन. पन हाक मारली का खलास. उद्यापासून पुन्हा ते पिलास्टिकची खुर्ची अन् "आई, तुम्ही बसा." दोन वरसं झाले बसून राह्यली. पानी आनू नका, वाकू नका, खाली बसू नका. जेवाले नरम भात. दाळ मांगितली तं म्हनते, "रातच्याले पचन नाई तुम्हाले." सून चांगली हाय, माय. तेच तं संकट हाय.

मांगं दवाखान्यात नेलतं गुडघ्यासाठी. डॉक्टरीन म्हने, "हात न टेकता खुर्चीवरून उठा." उठनं झालं नाई मले. तिनं माही मांडी दाबून पाह्यली, आपन बाजारात वांगं दाबून पाहतो तशी. म्हने, "मावशी, बसून बसून मांस झिजलं. याले गोळी नाई. दाळ खा, वजन उचला, रोज खाली बसून उठा." सून बाजूलेच होती. घरी आल्यावर म्हने, "तिले काय जाते सांगाले. लोक म्हनतीन, सासूले राबवते." तवा मले तू दिसली. कारन ते बोलनं माहंच होतं.

बाबा गेल्यावर मीच तुले रोहन्याहून इथी आनलं. तवा तू भाजीचं डालं डोक्यावर घेऊन दोन कोस चालत होती. जमिनीवरून अशी उठे, जशी कोनी हाक मारली. येतानी बंडीत जातं घालून आनलं होतं तू. गावात चक्की होती, तरी रोज सकाळी बसून दाळ भरडे. गल्लीतल्या बाया म्हनल्या, "लेकीच्या घरी म्हातारी दळून राह्यली वं." मले ते लय लागलं. एक दिवस तू आंघोळीले गेली अन् मी गड्याकडून जातं कोठ्यात नेऊन कडब्याच्या मांगं टाकलं. तू आली, ओलेच केस. म्हने, "जातं कुठी गेलं वं?"

"फुटलं."

"दगड कसा फुटला?"

"फुटलं म्हनलं ना. बस आता आरामात. चहा घे."

तू बसली. चहा अन् टोस, चहा अन् टोस. ताटातली दाळ पोराईच्या वाटीत ओते, म्हने, वाढतं आंग हाय त्याईचं. दुसऱ्या दिवाळीले चौकट धरून उठत होती, तिसरीले माहा हात धरून. मंग खाटेवरच, अन् खाटेवरूनच गेली. अन् मी लोकाईले सांगत फिरे, मायले एका कामाले हात लावू देत नाई. लोक शाबास म्हनत. मी ते घेतलं.

फुटलं नव्हतं माय. हे पाह्य, इथीच हाय, खुंटा बी तोच.

महिना झाला, सून बाजारात गेली का मी इथी येते. मूठभर भिजलेली दाळ खाते, थोडं दळते, उठते. आज लालच केली, जास्त दळलं.

येष्टीचा हॉर्न वाजला. थांब.

आता उभ्यानं लिहून राह्यली, वही गव्हानीवर ठेवून. सून फाटकातून "आई, कुठी गेल्या?" म्हनून राह्यली. हे पान फाडून, गुंडाळून जात्याच्या तोंडात घालते, तिथी कोनी पाहत नाई. उठली मी. हात टेकला, एकच, तुह्या जात्यावर. हे मी घरात कोनाले सांगनार नाई. अन् तुले सांगाचं होतं ते सांगून झालं, आता याच्यापुढं काई सांगत नाई.