निळ्या चौकड्यांचा शर्ट

३ डिसेंबर
बोटाला फोड आला — कात्रीचा! मुलांच्या दवाखान्याला महिनाअखेर गोधड्या द्यायच्यात आणि आम्ही अजून तुकडेच जुळवतोय. आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत जुन्या कपड्यांचं गाठोडं पुढ्यात ओढलं आणि सपासप सुटले. शिंपीणबाई म्हणाल्या, हिच्या हातात कात्री दिली की आपापले अंगावरचे कपडे सांभाळा. सगळ्या हसल्या. सिस्टरसुद्धा! (आमची रिटायर्ड नर्स. माझी सुई तीच ओवून देते. मला भोकच दिसत नाही.) नवरा गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

निळ्या चौकड्यांचा एक शर्ट निघाला, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याचे चौकोन गोधडीच्या मधोमध लावले. झकास दिसतात.

४ डिसेंबर
सिस्टरनं आल्या आल्या विचारलं, निळ्या चौकड्यांचा शर्ट कुणी पाहिला का.
'त्यांचा होता. घरी मीच घालते.'
तिची पिशवी गाठोड्याशेजारीच होती, त्यातूनच मिसळला असणार. तेव्हाच बोलायला हवं होतं. गोधडी तेवढी घाईघाईनं घडी करून खाली सारली.

५ डिसेंबर
आजही नाही सांगितलं.

७ डिसेंबर
चोराच्या मनात चांदणं! सिस्टरनं नुसतं 'बरं नाही का गं तुला?' विचारलं आणि मला वाटलं, झालं, कळलं हिला. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रोज तीन जिने चढून यायची ही माझ्यासाठी. आल्यावर आधी मला रागवायची, मग चालवायची. या वयात नवी मैत्रीण मिळते का कुणाला? मला मिळाली, आणि मी तिच्या नवऱ्याचा शर्ट कापून बसले. हिनं बोलणं टाकलं तर मी काय करू? घरी हे आहेत, पण ते टीव्हीचे.

९ डिसेंबर
शेवटी शिंपीणबाईंपाशी रडले. त्यांनी आधी यथेच्छ शिव्या घातल्या, मग उसवायला बसल्या. चौकोन सुटे केले, जमिनीवर मांडले — ही बाही, ही पाठ. कॉलर आणि खिसा चिंध्यांच्या पोत्यातून उपसून काढला. पाठीचा एक तुकडा काही केल्या सापडेना. तिथं माझ्या जुन्या गाऊनचं पिवळं ठिगळ लावलं. सगळा शर्ट परत शिवला! ह्यांनी पाहिला आणि म्हणाले, बुजगावण्याला झाला का नवा ड्रेस? मी शर्टाची घडी घालत राहिले, तेव्हा उठून चहा आणून दिला. ह्यांनी! चहा!

११ डिसेंबर
तिच्या घरी जाऊन दिला. सगळं सांगितलं, रडत रडतच. ती एकेका शिवणीवरून बोट फिरवत राहिली. पिवळ्या ठिगळाशी आली आणि हसू लागली. हसता हसता रडायला लागली. मला जा म्हणाली नाही, बसही म्हणाली नाही. जिना उतरताना वाटलं, संपलं.

१३ डिसेंबर
कालही आली नाही, आजही नाही. शिंपीणबाईंनी सुई ओवून दिली. त्यांचा दोरा फार लांब असतो, सारखा गुंततो. आज गाठीच सोडवत बसले.

१४ डिसेंबर
सिस्टर आली. शर्ट माझ्या मांडीवर ठेवला.
'गाठोड्यात मीच टाकला होता. माझ्याच्यानं कापवेना आणि तुझी कात्री काही थांबत नाही. घरी गेले आणि जीव राहिना, म्हणून दुसऱ्या दिवशी विचारत सुटले. तुला आधीच सांगायला हवं होतं गं.'
मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.
'आता काप. या वेळी मी बघते.'