चाळीस बोरी आणि एक नासपती

आबा, इथे जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये आम्ही शहराबाहेर बागेचा एक तुकडा भाड्याने घेतलाय. तिथे कुंपणाला लागून एक नासपती आहे. अंगभर काटे, फळं सुपारीएवढी, चावलं की तोंड आवळून येतं. शेजारच्या बागेतले ग्रीक गृहस्थ कारखान्यातून रिटायर झालेत. त्यांनी वाकून बुंध्यावरची जुनी खूण दाखवली. म्हणाले, आमच्याकडच्या रानात ही अशीच उगवते, तिच्यावर आम्ही गोड जातीचं कलम बांधतो. इथेही कुणीतरी बांधलं होतं, पण नेमकी चांगली फूट छाटली गेली आणि खालचं रान वर आलं. मी नुसती गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिले.

मी अकरा वर्षांची. तुम्ही नर्सरीत रानबोरीच्या रोपांवर गोड बोरीचे डोळे भरताय, कलमं बांधताय. पंचक्रोशीत तुमच्यासारखा हात कुणाचा नाही आणि त्याचा तोरा मलाच जास्त. तालुक्याला जाताना तुम्ही माझ्या हाती छाटणीचं सिकेटर दिलंत, डोळ्याखालची फूट तेवढी काढ म्हणालात. मी अर्धंच ऐकलं. खालची फूट चांगली जोमदार होती, वरची मरतुकडी, म्हणून मी शहाणीने वरचीच छाटली. चाळीस रोपं. तुम्ही परतायच्या आत ती गाडीत भरून गेलीसुद्धा.

तीन वर्षांनी गिऱ्हाईक आलं आणि नर्सरीच्या मालकांसमोर ओंजळभर आंबट बोरं तुमच्या पायाशी ओतली. मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते. तिथेच मला सगळं उमगलं. तुम्ही एक बोर चावून पाहिलंत.

"माझाच हात चुकला," म्हणालात.

मालकांनी तुमच्याकडून कलमाचा चाकू काढून घेतला आणि झाडांना पाणी घालायला लावलं. वरची फूट मी छाटली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं का, हे विचारायचं धाडस तुम्ही असेपर्यंत झालं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली.

यंदा मार्चमध्ये मी त्या नासपतीवर कलम बांधलं. काडी त्या ग्रीक गृहस्थांनी दिली. तिने जीव धरलाय, पानं फुटलीत. काल लेक बघायला आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. हे कुणी शिकवलं, तिने विचारलं. आजोबांनी, मी म्हटलं, त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मग त्यांचं कधीच चुकलं नाही का, असं तिने सहज विचारलं.

"एकदा चुकलं होतं," मी म्हणाले. "चाळीस बोरी वाया गेल्या."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतंय, आबा. लेक दहा वर्षांची आहे, आणि मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.